पसंतीक्रम एक

दहावीचा निकाल लागला की माझ्या गाळ्याबाहेर चपलांचा ढीग पडतो. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझा दहा बाय आठचा गाळा आहे. पाटीवर लिहिलंय, 'टायपिंग, झेरॉक्स, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील'. माझं नाव या गल्लीत कुणाला ठाऊक नसेल. मी फॉर्मवाल्या बाई. अकरावीचे, डिप्लोमाचे, आयटीआयचे, सगळे फॉर्म मी भरते, आणि नियम मला तोंडपाठ आहेत. 'पसंतीक्रम एक'ला टाकलेलं कॉलेज लागलं तर तिथे जावंच लागतं, नाही गेलं तर पुढच्या फेऱ्या बंद, हे मी दर जून महिन्यात इतक्या वेळा ओरडून सांगते की शेजारचा वडापाववाला ते झोपेतही म्हणून दाखवेल.

गाळ्यात बसायची सोय अशी आहे. एक खुर्ची माझी, कॉम्प्युटरसमोर. एक पालकांची, माझ्या शेजारी, स्क्रीन दिसेल अशी. आणि मागे झेरॉक्स मशीनला टेकवून ठेवलेलं एक स्टूल, त्यावर मूल. मी विचारायचे, "शाखा?" आई म्हणायची, "सायन्स." मी विचारायचे, "मराठी की आयटी?" बाप म्हणायचा, "आयटी टाका, त्याला पुढे उपयोग आहे." मूल मागे बसून मोबाइल बघत असायचं नाहीतर नखं खात असायचं. इतक्या वर्षांत मी मान वळवून स्टुलाकडे बघितल्याचं मला तरी आठवत नाही. वेळ कुठे असतो हो, बाहेर वीस जण उभे असतात. पालकांना माहीत असतं, पालक सांगतात, मी भरते आणि ते निघतात.

माझंही असंच झालेलं. बारावीनंतर वडिलांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं. ते सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेब बदलतात, कारकून बदलतात, पण टायपिस्टच्या टेबलासमोर सगळे हात जोडून उभे राहतात, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. "मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस काढ. या बोटांना मरेपर्यंत काम आहे," ते म्हणाले. मी काढलं. कल्याणला कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले, उन्हात, प्लास्टिकच्या छपराखाली. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, मी शिकले. लग्न झालं, गाळा घेतला. वडिलांचं म्हणणं खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही, माझं घर त्या बोटांवर उभं राहिलंय. फक्त तुला काय करायचंय, असं मला कुणी विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणून मलाही ते कधी कळलं नाही.

आता माझ्या मुलीकडे येते.

आमची जुनी चार मजल्यांची इमारत पाडली आणि तिथे चौदा मजली टॉवर आला. आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. हवा छान, वारा छान, आणि लिफ्ट रोज बंद! त्यात माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले होते रोज खाली जाऊन चाला. कसले चालतात, चार-चार दिवस गॅलरीत खुर्ची टाकून खालची माणसं मोजत बसायचे. माझी मुलगी तेव्हा नववीत. लिफ्ट दुरुस्त करायला एक माणूस यायचा, पाठीला पिशवी, घामाने निथळत. ही शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची. पहिल्यांदा त्याने हाकललं. मग एक दिवस म्हणाला, "उभी आहेस तर बॅटरी धर."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना लिफ्टशिवाय विषय नाही. "आई, दोर तुटला तरी लिफ्ट खाली पडत नाही गं. दोन्ही बाजूंच्या रुळांना जबड्यासारखी पकड बसते." "आई, दार उघडं राहिलं तर हलतच नाही ती, म्हणून बंद पडल्यासारखी वाटते. सगळा दोष दाराचाच असतो." मी म्हणायचे, भाजी संपव. सासरे मात्र ऐकायचे. ते ठाण्याला कोलशेतच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. ती कंपनी बंद पडली, जागा विकली गेली. त्यांना हिचं बोलणं कळायचं आणि हिला त्यांचं. दोघं कागदावर चाकं नि पुल्या काढत बसायची.

मी त्याकडे खेळ म्हणून बघत होते, आणि तिथेच माझं चुकलं.

निकाल लागला, चौऱ्याऐंशी टक्के. पेढे वाटले, गल्लीभर माझी मान ताठ. फॉर्मवाल्या बाईंची मुलगी, चौऱ्याऐंशी! दुसऱ्या दिवशी ताटावर बसलो असताना ती म्हणाली, "आई, माझा आयटीआयचा भर. लिफ्टचा ट्रेड असतो तिथे. मी बघितलंय."

माझा हातातला घास हातातच राहिला.

"चौऱ्याऐंशी टक्के काय पाना घेऊन शाफ्टमध्ये उतरायला मिळवलेस?" मी म्हटलं. माझा आवाज चढला की खालच्या मजल्यावर कळतं.

"हो," ती म्हणाली.

"हो काय हो? माझ्याकडे पस्तीस-चाळीस टक्केवाली मुलं येतात आयटीआयचे फॉर्म भरायला."

"मग माझा नंबर नक्की लागेल."

"उलट बोलू नकोस! मुलगी आहेस. दहा पुरुषांमध्ये, ग्रीसमध्ये हात घालून..."

"आई, आजोबांची कंपनी होती तिथे आता किती टॉवर झालेत, तू स्वतः म्हणतेस ना, बघताना मान दुखते? एकेका टॉवरला चार-चार लिफ्ट आहेत. त्या कोण चालू ठेवणार? इंजिनिअर होऊन लॅपटॉपवर बसलेले?"

सासरे खाली बघून भात कालवत होते. तसेच म्हणाले, "कंपनी उचलून दुसरीकडे नेता येते. लिफ्ट नाही नेता येत. ती बिल्डिंगीतच राहते."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," मी म्हटलं. इतक्या वर्षांत सासऱ्यांना मी असं कधी बोलले नव्हते.  मग आमचे हे, ज्यांना भांडण सुरू झालं की पाणी प्यायला उठायची सवय आहे, ते पाणी पिऊन आले आणि म्हणाले, "अगं, दोन्ही भर ना. सायन्सचाही भर, आयटीआयचाही भर. लागेल ते बघू."

दोन्ही भरायचं ठरलं.

अकरावीचा फॉर्म मी एका बैठकीत भरला. पसंतीक्रम एकला डोंबिवलीतलंच एक चांगलं सायन्सचं कॉलेज टाकलं. तिला विचारलं नाही. आयटीआयचा फॉर्मही भरला, तिच्यासमोर, लिफ्टचा ट्रेड पहिला टाकून. पण आयटीआयच्या फॉर्ममध्ये एक मेख असते. घरी बसून भरला म्हणजे भरला असं नसतं. मूळ कागद घेऊन आयटीआयमध्ये जायचं, तिथे ते तपासतात आणि अर्ज निश्चित करून देतात. तोपर्यंत तुमचा अर्ज म्हणजे नुसता कागद. हे मी लोकांना डोळे वटारून सांगते. "निश्चिती झाली का? पावती दाखवा," असं म्हणून घरी पिटाळते.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मुलीला ताप आला. मी म्हटलं, तू झोप, फाइल दे, मी जाऊन येते. निघताना खरंच जायचं म्हणून निघालेले, हे देवाशप्पथ सांगते. ठाण्याच्या सरकारी आयटीआयच्या गेटपर्यंत गेले. दुपारची वेळ होती. मुलं बाहेर पडत होती, निळे शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हर, कुणाच्या कोपरापर्यंत काळं. त्यांच्यात दोन मुली होत्या, त्यांचेही हात काळे. हसत होत्या. मला माझ्या मुलीचे हात आठवले. लहानपणी त्या हातांना मी साय लावायचे. वीस मिनिटं गेटसमोर उभी राहिले. मग वळले. येताना कोथिंबीर घेतली, घरी आले, आणि तिने अंथरुणातूनच विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हटलं.

कारण मला खात्री होती. आईला कळतं. पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, आज लिफ्ट, उद्या विमान. वर्षभराने माझे पाय धरेल, असं मी स्वतःला सांगत होते. आणि अकरावीच्या पहिल्याच यादीत सायन्स लागलं, पसंतीक्रम एक. जावंच लागणार होतं. तिचा चेहरा उतरला, पण म्हणाली, आयटीआयची यादी येईपर्यंत जाते. दाखला, मार्कलिस्ट, सगळे मूळ कागद कॉलेजात जमा केले.

आयटीआयची यादी लागली त्या दिवशी गाळ्यात गर्दी होती. शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ, मागे स्टुलावर त्यांचा मुलगा. माझी मुलगी कॉलेजच्या पिशवीसकट आत आली, बाहेरच्या लोकांना बाजूला करत. माझ्यासमोर मोबाइल धरला. स्क्रीनवर तिचा अर्ज क्रमांक होता आणि खाली लाल अक्षरात, अर्ज निश्चित केलेला नाही.

"आई, तू गेलीच नव्हतीस," ती म्हणाली.

ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते, मला ते जमतं.  गृहस्थ एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, आमचं सबमिट झालं का?" मी सबमिट केलं. तो मुलगा स्टुलावरून माझ्या मुलीकडे बघत होता, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मागे कुणीतरी बसलेलं असतं.

घरी आल्यावर मी सुरू केलं, तुझ्या भल्यासाठी, मला काय त्यात मिळणार होतं, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाही म्हणाली असतीस तर मी भांडले असते. रडले असते, आजोबांना मध्ये घेतलं असतं. कदाचित हरलेही असते. पण तू 'झालं' म्हणालीस."

त्यानंतर आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. कॉलेजला जायची, यायची, डबा धुवून ठेवायची. लिफ्टमध्ये शिरली की समोर बघायची. दुरुस्तीवाला भेटला तरी थांबायची नाही. मला वाटलेलं, चार दिवसांत निवळेल. निवळलं नाही. आणि मीही हट्टी बाई, माफी माझ्या जिभेवर येते पण ओठांशी अडते.

मग एक सकाळ आली, आणि ती आणली एका एजंटने. घरं भाड्याने देणारा हा माणूस पंधरा वर्षं माझ्याकडूनच करारनामे करून घेतो. आला, खुर्चीत बसला, आणि जरा ओशाळून म्हणाला, "ताई, रागावू नका. हे बघा काय झालंय." मोबाइल काढला. त्यात तोंडाने बोलला, घरमालक अमुक, भाडेकरू तमुक, अकरा महिने, टिटवाळ्याचा एक बेडरूमचा फ्लॅट. तो चहाचा घोट घेईपर्यंत सबंध करारनामा तयार. मराठीत! अटी, शर्ती, साक्षीदारांची जागा, सगळं.

"इकडे द्या," मी म्हटलं. चष्मा लावला आणि वाचायला बसले. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. कलमांचे आकडे बघितले. कुठेतरी माती खाल्ली असेलच, या आशेने दुसऱ्यांदा वाचलं. एकही चूक सापडली नाही. मला तास लागतो, आणि दोन चुका राहतातच.

"छान आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, "फॉर्मसाठी येणारच हो मी तुमच्याकडे." गेला. चांगला माणूस, सांगायला आला. न सांगताही यायचा बंद झाला असता.

मी शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिले. रडू आलं, खोटं कशाला बोलू. आधी स्वतःसाठी आलं. मग वडील आठवले. मरेपर्यंत काम आहे, हे ते किती खात्रीने म्हणाले होते! मायेने म्हणाले होते, आणि त्यांना जे दिसत होतं त्यावरून म्हणाले होते. बरोब्बर तितक्याच खात्रीने, तितक्याच मायेने मी गेटवरून परत फिरलेले. माझ्या वडिलांनी निदान मला फसवलं नव्हतं. मी सायन्स, सायन्स करत होते, पण पुढचं मला काय कपाळ दिसत होतं? मला माझा पुढचा महिना दिसत नव्हता. आणि तिने दीड वर्ष बॅटरी धरून, प्रश्न विचारून, वहीत आकृत्या काढून स्वतःसाठी काहीतरी बघून ठेवलेलं. या घरात नोकरीचा खराखुरा अभ्यास तिने एकटीने केलेला, आणि ती स्टुलावर होती.

शटर पूर्ण वर केलं आणि आयटीआयची वेबसाइट उघडली. शेवटची फेरी बाकी होती. उरलेल्या जागांसाठी प्रत्यक्ष हजर राहायचं, नवे अर्जही घेतात. पण एक अट होती, मूळ दाखला जवळ हवा. दाखला कॉलेजात. आणि प्रवेश रद्द केल्याशिवाय कॉलेज दाखला देत नाही. म्हणजे हातातली सायन्सची जागा आधी सोडायची आणि मग तिकडे जाऊन उभं राहायचं. तिकडे नाही मिळाली तर ही नाही आणि तीही नाही. वर्ष फुकट.

जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं. माझं चुकलं, असं म्हटलं. म्हणताना मान खाली होती, पण म्हटलं. नियम समजावून सांगितला, धोका सांगितला. मग तिला विचारलं, "काय करायचं?"

"वर्ष गेलं तर?" आमचे हे म्हणाले. पाणी प्यायला उठले नाहीत.

"मी तिला विचारलंय," मी म्हटलं.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी परत काही लपवतेय का, हे ताडत असावी. मग म्हणाली, "रद्द कर."

सासऱ्यांनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, तीही मी करपवलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कॉलेजात. खिडकीतल्या कारकुनाने आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही सोनं रस्त्यात टाकतोय. "मॅडम, सायन्सची सीट कुणी सोडतं का? वेटिंगवर किती मुलं आहेत!"

"मग त्यातल्या एकाचं भलं होऊ दे. दाखला द्या."

"मिस्टरांना विचारलंत?"

"मुलीला विचारलंय. दाखला द्या."

त्याने एक कागद सरकवला. प्रवेश रद्द करण्याचे कारण, असा रकाना होता. मी लिहिलं, पालकाची चूक. त्याने वाचलं, वर बघितलं. "असं कारण नसतं हो. वैयक्तिक लिहा." मी खोडून वैयक्तिक लिहिलं. मुलगी माझ्यामागे उभी होती, तिने बघितलं होतं. परत येताना तिने माझ्या हातातली फाइल घेतली आणि म्हणाली, "ही माझ्याकडे राहू दे." मी दिली. इतकं सगळं झाल्यावर मागून कसली घेणार?

फेरीच्या दिवशी आम्ही साडेसातला आयटीआयच्या गेटवर. त्याच गेटवर. आत मोठा हॉल, खुर्च्या, समोर टेबलाशी दोन सर, आणि मागे फळा. फळ्यावर खडूने ट्रेड आणि शिल्लक जागा लिहिलेल्या. लिफ्ट मेकॅनिक, दोन.  नियम असा की आधीच्या यादीतली मुलं आधी, नवे अर्जवाले त्यांच्यानंतर. चौऱ्याऐंशी टक्के घेऊन माझी मुलगी रांगेच्या शेपटाकडे बसलेली, कारण तिचा अर्ज नवा होता. तो नवा का होता, हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

नावं पुकारायला लागले. मुलं उठायची, सोबत आई नाहीतर बाप. सर विचारायचे, कुठला ट्रेड? बाप सांगायचा. फळ्यावरचा आकडा पुसला जायचा. मी देव पाण्यात घालून बसलेले. सात-आठ मुलांनंतर एकाने लिफ्ट घेतली. दोनचा एक झाला. मुलीने माझा हात धरला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग वेल्डर, मग डिझेल मेकॅनिक, मग पुन्हा वेल्डर. तिच्या पुढे तीन जण उरले. मग दोन. मला वाटायला लागलं, मिळतंय, मिळतंय!

आमच्या अगदी पुढचा मुलगा उठला. त्याचा बाप सरांना म्हणाला, "काय आहे ते द्या, साहेब." सर म्हणाले, "लिफ्टची एक आहे बघा." "द्या," बाप म्हणाला. मुलाने काही म्हटलं नाही. फळ्यावरचा एक पुसला.

मला काय वाटलं ते सांगते. त्या बापाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याच्या पोराला लिफ्टचा ल माहीत नसेल! पण तो माणूस कोण होता? माझ्या गाळ्यात शेजारच्या खुर्चीत बसणारा. आणि त्याला तिथे बसवणारी मीच.

"माझ्यामुळे गेली गं तुझी लिफ्ट," मी हळूच म्हटलं.

"हो," ती म्हणाली. नाही आई, असं काही नाही, असलं काही म्हणाली नाही. आणि हात सोडलाही नाही.

तिचं नाव पुकारलं. आम्ही टेबलाशी गेलो. सरांनी मार्क बघितले आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं, सगळेच बघतात तसं. "चौऱ्याऐंशी? उशीर केलात, मॅडम. आता वायरमन आहे, प्लंबर आहे, शिवणकाम आहे. मुलीला शिवणकाम बरं पडेल. काय देऊ?"

माझं तोंड उघडलं होतं. वीस वर्षांची सवय, दुसऱ्यांच्या मुलांची उत्तरं ऐकून ऐकून माझ्याही जिभेवर तयार असतात. तोंड उघडलं होतं तेवढ्यात मी दात दाबून ते मिटलं. मग म्हटलं, "तिला विचारा, सर. फॉर्म तिचा आहे."

ती सरळ उभी राहिली. "सर, वायरमन करून नंतर लिफ्टच्या कामाला जाता येतं का?"

सरांनी पेन खाली ठेवलं. सकाळपासून त्यांना कुणी प्रश्न विचारला नसावा. "येतं," ते म्हणाले. "लिफ्टच्या कंपन्या वायरमनलाही घेतात, शिकाऊ म्हणून. पण वाट लांबची. आधी इथे नीट शिकावं लागेल, मग तिथे परत पहिल्यापासून."

"किती लांबची?"

"दोनेक वर्षं जास्त धर."

तिने क्षणभर फळ्याकडे बघितलं. लिफ्टपुढे आकडा नव्हता, खडूचा पांढरा डाग होता. "चालेल," ती म्हणाली. "वायरमन द्या."

सरांनी एक छापील फॉर्म पुढे केला, पेनने भरायचा. माझा हात आपोआप पुढे गेला. तिने तो न बघताच फॉर्म स्वतःकडे ओढला आणि टेबलाच्या कडेला उभ्या उभ्या लिहायला लागली. नाव. पत्ता. जन्मतारीख. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. पालकाचं नाव, तिथे तिने माझं लिहिलं. मग थांबली.

"आई, पालकाचा व्यवसाय. काय लिहू?"

हा रकाना मी हजारो लोकांना विचारलाय. मान वर न करता विचारलाय, आणि उत्तर यायच्या आत अर्धं टाइप केलेलं असायचं. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर आधी वडिलांनी लिहिलं, मग नवऱ्याने. टायपिस्ट. आताही तेच तोंडावर आलेलं. पण एजंटचा तो मोबाइल डोळ्यांसमोर आला, आणि वाटलं, हे अजून खरं आहे का? नसेल तर मग काय? पुढे काय करणार आहे मी? काय करावंसं वाटतं मला?

"थांब," मी म्हटलं. "मला जरा विचार करू दे."

मागच्या मुलाची आई पुढे सरकली. सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, लवकर, लोक खोळंबलेत."

"एक मिनिट, सर," माझी मुलगी म्हणाली. "आईला विचार करू द्या."

आणि ती पेन वर उचलून, माझ्याकडे बघत थांबली.